नदीलाही तिचा हरीम असतो

(कुर्ला इथे युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



इथे येताना रिक्षावाल्याला मी म्हणालो, "मिठी नदीच्या पुलाजवळ सोडा." तो मागे वळून म्हणाला, "वो नाले के पुल पे ना?" मी म्हणालो, "हो, तिथेच." वाद घातला नाही, कारण मीही लहानपणी नालाच म्हणायचो. आमचं घर त्या पाण्यापासून हाकेच्या अंतरावर होतं आणि ही नदी आहे, हे मला कळलं तेव्हा मी दहावीत होतो. २६ जुलै २००५ ला ती घरात आली, तेव्हा कळलं.

आज मला याच नदीबद्दल बोलायचंय. मी ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो, त्यामुळे सवयीने सुरुवात प्रश्नाने करतो. मिठीत जिवंत मासा कोणी कोणी पाहिलाय? हात वर करा. तीन. कुठला मासा? चिलापी. बरोबर. आपण ज्याला चिलापी म्हणतो तो तिलापिया, मूळचा आफ्रिकेतला. घाण पाण्यात, कमी प्राणवायूत तग धरणारा. म्हणजे तीनशे पोरं नदीकाठी वाढली, त्यांतल्या तिघांनी मासा पाहिला आणि तोही बाहेरचा. माझं भाषण खरं तर इथेच संपायला हवं. पण असं का झालं, आणि त्यात कोणाचा किती हात आहे, हे सांगितल्याशिवाय मी गेलो, तर तुम्ही घरी जाऊन "लोक कचरा टाकतात म्हणून" एवढंच सांगाल. ते अर्धंच खरं आहे.

आधी नदी समजून घेऊ. विहार तलाव भरून वाहिला की ते पाणी खाली येतं. पुढे पवई तलावाचं पाणी त्याला मिळतं. विहार बांधून झाला १८६० मध्ये, पवई त्यानंतर तीसेक वर्षांनी. त्याआधीही डोंगरातले ओढे याच वाटेने खाली येत होते. पवई, साकीनाका, कुर्ला, कलिना, वांद्रे-कुर्ला संकुल, धारावी आणि शेवटी माहीमची खाडी, असा जेमतेम अठरा किलोमीटरचा प्रवास. उगमाकडच्या तलावांत आजही मगरी आहेत. मुखाकडे माहीम आणि धारावीला आजही तिवरांची झाडं आहेत. दोन्ही टोकांना जीव आहे, मध्ये नाही. या मधल्या भागात आपण राहतो.

आता नदी म्हणजे काय? आपल्याला वाटतं, वाहतं पाणी म्हणजे नदी. माझे नाना चिपळूणजवळच्या गावचे. ते सांगायचे, पहिला जोराचा पाऊस झाला की मासे चढायला लागतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून पाणी साचलेल्या शेतात. मरळ, शिंगटी, खवली असे कितीतरी मासे प्रवाहाच्या उलट उथळ पाण्याकडे जातात आणि अंडी घालतात. आम्ही त्यांना चढणीचे मासे म्हणतो, ठाणे-रायगडकडे वलगण म्हणतात. लोक कंदील घेऊन रात्री मासे पकडायला बाहेर पडतात. नानांना ती मौज वाटायची. मी प्राणिशास्त्र शिकलो तेव्हा त्या मौजेतलं शास्त्र कळलं. मासा मुख्य प्रवाहात अंडी घालत नाही, कारण तिथे ती वाहून जातील किंवा मोठा मासा खाईल. काठावरच्या उथळ, कोमट, गवताळ पाण्यात पिल्लांना लपायला जागा असते आणि खायला बारीक जीव असतात. तिथेच बेडूक अंडी घालतो, चतुराची अळी वाढते, पाणकोंबडी घरटं करते.

म्हणजे नदीचा पाळणा काठावर असतो. वर्षातले आठ महिने ती जागा कोरडी दिसते. माणूस म्हणतो, ही तर रिकामी जमीन. आणि तिथे भराव पडतो. ही चूक कागदावरही होते आणि जमिनीवरही.

खाडीकडच्या भागात हेच काम तिवरं आणि कांदळ करतात. तिवराची मुळं चिखलातून खिळ्यांसारखी वर आलेली असतात. खालच्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड श्वास घ्यायला मुळं बाहेर काढतं. भरतीचं पाणी त्या मुळांत शिरलं की त्याबरोबर बोईची पिल्लं, कोळंबीची पिल्लं, खेकडे आत येतात. मोठ्या माशांना त्या दाटीत शिरता येत नाही. पानं गळून कुजतात, त्यावर बारीक जीव जगतात, त्या जिवांवर ही पिल्लं जगतात. ओहोटीला निवट्या चिखलावर उड्या मारतात. समुद्रात जाळ्यात सापडणारे कितीतरी मासे लहानपणी या शाळेत शिकून गेलेले असतात. धारावीचा कोळीवाडा याच खाडीवर जगला. तिथल्या मासेमारीचा धंदा खाडीबरोबर गेला. कोणाचं घर पाडलं की बातमी होते. कोणाची खाडी मेली आणि धंदा गेला तर होत नाही, कारण तो एका दिवसात जात नाही.

आता अतिक्रमण. हा शब्द ऐकला की या सभागृहातल्या बऱ्याच जणांच्या पोटात गोळा येतो, मला माहीत आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या दारावर ती नोटीस चिकटलेली आहे. वर्तमानपत्रात मिठीचं अतिक्रमण म्हटलं की फोटो झोपडीचा असतो, आणि पुष्कळदा फोटोत एक टोपीवाला किंवा बुरख्यातली बाई असते. म्हणून हा हिशेब नीट मांडू या.

वांद्रे-कुर्ला संकुल कशावर उभं आहे? खाडीलगतच्या पाणथळ, तिवरांच्या जमिनीवर. १९७७ मध्ये मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण तिथलं नियोजन प्राधिकरण झालं आणि सुमारे ३७० हेक्टरांचा तो परिसर भराव टाकून उभा राहिला. विमानतळापाशी नदी धावपट्टीखालून जाते, आणि त्या परिसरात तिला काटकोनात वळणं घ्यायला लावली आहेत. नदीला काटकोन माहीत नसतो. काटकोन दिसला की समजावं, इथे माणसाने पट्टी ठेवली. ही सगळी कामं परवानगीने, शिक्क्यानिशी, सरकारी पैशातून झाली. कायद्याच्या भाषेत ते अतिक्रमण नाही. माशाच्या दृष्टीने मात्र भरावावर काचेची इमारत आहे की पत्र्याची खोली, याने काही फरक पडत नाही. एकरांचा हिशेब केला तर नदीचा काठ आपल्या खोल्यांनी जेवढा खाल्ला, त्याहून कितीतरी जास्त शिक्क्याने खाल्ला.

मग आला २६ जुलै. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. त्याच दिवशी कुलाब्यात शंभरही नाही. पाणी नदीतून खाडीकडे निघालं, तर पसरायला पाणथळ जागा नाही, वळणावर अडतंय आणि समोरून भरती. ते मागे फिरलं आणि आपल्या घरात आलं. आम्ही ती रात्र मशिदीच्या वरच्या मजल्यावर काढली. अम्मीने रेशनकार्ड आणि माझी दहावीची पुस्तकं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून छातीशी धरली होती. सकाळी खाली उतरलो तेव्हा घरात गुडघाभर चिखल होता आणि त्या चिखलात, खरं सांगतो, एक वाम वळवळत होती. माझ्या भावाने ती काठीने बाहेर ढकलली. आज मला वाटतं, पुराने तिला वरच्या तलावातून आणून तिथे टाकलं असावं. या नदीत मी पाहिलेला चिलापीखेरीजचा तो एकमेव जिवंत मासा.

पुरानंतर त्याच वर्षी मिठी नदी विकास व संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. नदी रुंद केली, खोल केली, आणि बऱ्याच लांबीत दोन्ही बाजूंनी संरक्षक भिंती उभ्या राहिल्या. पूर कमी व्हावा म्हणून हे झालं. पुराचा मार खाल्लेला माणूस त्याला सहज नाव ठेवू शकत नाही, मीही ठेवत नाही. रुंदीकरण गरजेचंच होतं. पण भिंतीने काय झालं तेही पाहू या. काठ गेला. उतार गेला, चिखल गेला, गवत गेलं, सावली गेली. उद्या जादूने मिठीचं पाणी स्वच्छ झालं, तरी चढणीच्या माशाला चढायला जागाच नाही. पाणी अन् काठ दोन्ही हवेत. एकाने भागत नाही. नदीचं रूपांतर गटारात करायला सांडपाणी लागतंच असं नाही, दोन उभ्या भिंतीही पुरतात.

सांडपाण्याकडेही येतो. पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. आपल्या हवेत, तीस अंश तापमानाला, स्वच्छ पाण्याच्या एका लिटरमध्ये जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. माशाला साधारण चार-पाच तरी लागतो. पाण्यात मैला आला की तो कुजवणारे जिवाणू वाढतात आणि प्राणवायू तेच वापरून टाकतात. किती वापरतील याच्या मापाला बीओडी म्हणतात. आंघोळीयोग्य नदीत ते लिटरला तीन मिलिग्रॅमपर्यंत चालतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली. त्यात महाराष्ट्राचे ५३, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. मिठी पहिल्या, म्हणजे सर्वांत वाईट वर्गात. त्या वर्गाची अटच अशी की बीओडी तीसच्या वर हवा. मर्यादेच्या दहापट, तिथून पुढे सुरुवात. अशा पाण्यात मासा घाणीने मरतो असं आपण म्हणतो. खरं तर तो गुदमरून मरतो. मागे उरतात तळातल्या लाल अळ्या. त्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, ते प्राणवायूचा शेवटचा कणही पकडून ठेवतं. नदीच्या तळाशी फक्त लाल अळी सापडली, की डॉक्टर नाडी पाहून समजतो तसं समजावं.

हा मैला कोणाचा? नदीकाठच्या वस्त्यांचा आहेच. आपल्याकडे सार्वजनिक शौचालयाचं पाणी कुठे जातं, हे तुम्ही जाणता. पण मलनिस्सारण वाहिनी वस्तीत आणणं हे वस्तीतल्या माणसाच्या हातात नसतं. ती मागणी आपण करायला हवी, आणि ती नदीच्या नावाने केली तर ती जास्त बळकट होते.

आता एक कडू गोष्ट. रागावू नका. सगळं शिक्क्यावर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. भंगाराची गोदामं आपली आहेत. तेलाचे आणि रसायनांचे पिंप धुऊन ते पाणी नदीत सोडणारे हात आपले आहेत. वायर जाळून तांबं काढणारे आपले आहेत, त्याची राख पहिल्या पावसात कुठे जाते? तबेल्यांचं शेण आहे, ते सगळ्यांचं आहे. तेलाचा पातळसा तवंगही पाण्यावर पसरला की हवेतला प्राणवायू आत जाणं अवघड होतं, आणि श्वासासाठी वर येणारी डासाची अळी सोडून इतरही कितीतरी जीव त्यात मरतात. शिसं आणि तांबं तर वाहून संपतही नाही, चिखलात बसतं. तो चिखल खेकडा खातो. आणि बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी पुलावरून खाली पाहिलं की काय दिसतं, हे मी सांगायला नको. बहुतेक लोक महापालिकेच्या गाडीतच टाकतात, हे खरं. पण काही जण पुलावरून टाकतात, आणि नदी किती जणांनी टाकलं ते मोजत बसत नाही. "आमच्यावरच का बोट?" हा प्रश्न योग्य आहे. पण तो विचारणाऱ्याचा हात तेलकट नसावा.

म्हणून मला आज एक जुना शब्द तुमच्यासमोर ठेवायचाय. हरीम. हराम आणि हरम ज्या धातूपासून आले, त्याच धातूतला. फिक्हमध्ये विहीर, झरा, कालवा यांच्याभोवती एक पट्टा सोडायचा असतो, तिथे दुसऱ्या कोणी खोदायचं नाही, बांधायचं नाही. तो पाण्याचा हरीम. आपल्यात हनफी आहेत, आम्हा कोकण्यांसारखे शाफई आहेत; ही कल्पना दोन्हीकडे आहे. उस्मानी सल्तनतीत १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिक्हवरून 'मजल्ला' नावाची कायदेसंहिता तयार झाली. तिच्यात आकडे दिले आहेत. विहिरीला चहूबाजूंनी चाळीस हात. मोठ्या नदीला दोन्ही तीरांवर तिच्या निम्म्या रुंदीएवढा पट्टा, म्हणजे दोन्ही मिळून जेवढी नदी तेवढाच काठ.

मी हे वाढवून सांगणार नाही. त्या फकिहांच्या मनात मासे नव्हते. पाण्यापर्यंत माणसाला आणि जनावराला पोचता यावं, विहीर खराब होऊ नये, कालवा साफ करता यावा, हे त्यांचं कारण होतं. पण मूळ समज पाहा: पाण्याची हद्द पाणी संपतं तिथे संपत नाही. ही गोष्ट त्यांना कळली होती. आपल्या नगररचनाकारांना कळायला ९४४ मिलिमीटर पाऊस लागला.

आणि हा शब्द आजच्या कायद्यात नाही असंही नाही, फक्त नाव वेगळं आहे. महाराष्ट्रात नदीची निळी पूररेषा असते आणि लाल पूररेषा असते. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी, शंभर वर्षांतून एकदाचा पोचतो ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात निर्बंध. तिवरांनाही संरक्षण आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तिवरतोडीवर बंदी घातली, आणि २०१८ च्या निकालात तिवरांचा नाश हा जगण्याच्या हक्काचाच भंग आहे असं म्हटलं. घटनेतलं कलम २१. म्हणजे तिवराचं झाड आणि तुमचं-माझं जगणं, दोन्ही एकाच कलमाखाली.

इथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो मी टाळणार नाही. नदीला हरीम द्यायचा, तर काठावरच्या आपल्या घरांचं काय? मला विचाराल तर, जी घरं खरोखर पाण्याच्या तोंडावर आहेत, त्यांनी तिथे राहू नये. दर पावसाळ्यात जीव मुठीत धरून झोपणं हा काही हक्क नाही. पण हटवायचं तर घर आधी आणि बुलडोझर नंतर. आणि घर जवळ द्यायचं, जिथून मुलांची शाळा सुटणार नाही, बापाचा रोजगार तुटणार नाही. आणि रेषा सगळ्यांना एकच. आपली खोली रेषेच्या आत म्हणून जाणार असेल, तर पुढचा टॉवर, पुढचा पार्किंग प्लॉट, पुढचा रस्ता त्याच रेषेच्या आत येता कामा नये. खोल्या हटवून तिथे परत काँक्रीटच ओतणार असाल, तर नदीला काही मिळालं नाही, फक्त गरीब हटले. जागा मोकळी केली, तर तिथे उतार हवा, माती हवी, झाडं हवीत. आपली मागणी अशी दुहेरी असायला हवी. फक्त घर मागितलं तर ते म्हणतील, हे नदीचे शत्रू. फक्त नदी मागितली तर आपलीच माणसं उघड्यावर पडतील.

करायचं काय? चार कामं सांगतो.

पहिलं, पाणी मोजा. विरघळलेला प्राणवायू तपासणं हा कॉलेजच्या प्रयोगशाळेतला साधा प्रयोग आहे. महिन्यातून एकदा, एकाच ठिकाणी, एकाच वेळी नमुना घ्या. कुर्ल्याच्या खाली भरतीचं पाणी आत येतं, म्हणून भरती होती की ओहोटी हे लिहून ठेवा. हातमोजे घालून. वर्षभराची वही तुमच्याकडे असेल, तर अधिकारी तुम्हाला "मोहल्ल्याची पोरं" म्हणून परत पाठवू शकणार नाही.

दुसरं, जीव मोजा. धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात जा. ती एके काळी कचऱ्याची जागा होती, आज तिथे जंगल आहे आणि कडेला तिवरं. मेलेली जागा परत जिवंत होते, हे डोळ्यांनी पाहून या. मग आपल्या पुलावर उभं राहून बगळे, खंड्या, चतुर, जे दिसेल ते लिहा.

तिसरं, माहितीच्या अधिकारात विचारा. आमच्या वॉर्डात पूररेषा आखली आहे का? नकाशा द्या. गाळ किती काढला, कुठे टाकला? मलवाहिनी कधी येणार? अर्जाचं शुल्क दहा रुपये आहे.

चौथं, आणि हे सगळ्यात कठीण. आपल्या चाचाला, मामूला, ज्यांचं गोदाम आहे, त्यांना जाऊन सांगा की पिंप धुतलेलं पाणी नदीत सोडू नका. अदबीने सांगा, पण सांगा. जुम्याच्या बयानात हा विषय घ्यायला इमामसाहेबांना विनंती करा. नदीकाठी बसून वुजू करतानाही पाणी जपून वापरावं, असं आपल्याला लहानपणी शिकवलं होतं. आपली पंचाईत अशी, की आज या नदीकाठी बसून वुजूच करता येत नाही.

पुढच्या रविवारी ओहोटीच्या वेळी मी पुलावर असेन, नमुन्याच्या बाटल्या घेऊन. ज्यांना यायचंय त्यांनी यावं, जुने बूट घालून. आणि येताना रिक्षावाल्याला सांगा, नदीच्या पुलाजवळ. तो "नाला?" म्हणाला, तर एकदा तरी दुरुस्त करा. मी आज केलं नाही, परतताना करीन.